बीबीसी मायक्रोला फ्लॉपी ड्राइव्ह जोडायचा आहे, तातडीने मदत हवी

सोलापुरी_चटणी
मंडळी, शाळेच्या अडगळीतला बीबीसी मायक्रो (ऐंशीच्या दशकातला शाळांमधला कॉम्प्युटर) सुरू केलाय. बेसिक भाषा व्यवस्थित चालते, पण ड्राइव्ह काही केल्या चालत नाही. केबलही बदलून पाहिली. सोबत फ्लॉप्यांचा डबा सापडलाय, त्यात काय आहे ते रविवारी माजी विद्यार्थी मेळाव्यात दाखवायचंय. लवकर सांगा. 'भंगारात द्या' असले सल्ले नकोत.

खटपट्या
चालत नाही म्हणजे नक्की काय होतं? दिवा लागतो का, मोटर फिरते का, ड्राइव्ह कुठला? चालू केल्यावर 'बीबीसी कॉम्प्युटर 32के'च्या खाली डीएफएसची (फ्लॉपी हाताळणाऱ्या प्रोग्रामची) ओळ येते का? नसेल येत तर पुढचं सगळं व्यर्थ.

मी_पयला
बायोसमध्ये (पीसीच्या सुरुवातीच्या सेटिंगमध्ये) जाऊन फ्लॉपी एनेबल करा. आमच्या ऑफिसात हाच प्रॉब्लेम होता.

खटपट्या
अहो, 6502 प्रोसेसरवर चालणारं मशीन आहे ते, पीसी नाही. बायोस कुठून आणू?

जुनाबाजार
एवढी यातायात कशाला? गोटेक (फ्लॉपी ड्राइव्हच्या जागी बसणारी, पेनड्राइव्ह वाचणारी पेटी) घ्या, त्यात फ्लॅशफ्लॉपी हे सॉफ्टवेअर टाका, पेनड्राइव्ह लावा. माझ्याकडे मस्त चालतंय. फ्लॉपीचा जमाना गेला.

सोलापुरी_चटणी
डीएफएस येतं. दिवा लागतो आणि मोटर फिरतच राहते, थांबत नाही. ड्राइव्ह सव्वापाच इंची, काकांच्या पीसीतला. केबलही तिथलीच. @जुनाबाजार, मला डब्यातल्याच फ्लॉप्या वाचायच्या आहेत.

खटपट्या
हे आधी सांगायचं ना राव! दिवा कायम लागलेला म्हणजे केबल उलटी. 34 पैकी विषम पिना सगळ्या ग्राउंड असतात. केबल फिरली की त्या सिग्नलच्या जागी येतात, आणि इथे सिग्नल खाली ओढला की 'चालू', त्यामुळे ड्राइव्हला सगळे हुकूम एकदमच मिळतात. ड्राइव्हच्या मागे सोनेरी पट्ट्यांत एक खाच दिसेल, केबलची लाल कड त्या बाजूला ठेवा.
दुसरं, पीसीच्या केबलला टोकाजवळ पीळ असतो, तो बीबीसीला चालत नाही. पिळाच्या अलीकडचा, मधला कनेक्टर वापरा. पीसीतल्या ड्राइव्हचा जंपर (ड्राइव्हचा नंबर ठरवणारी छोटी टोपी) बहुधा दुसऱ्या नंबरवर असतो आणि मोजणी 0 पासून, म्हणून नुसतं *कॅट (फ्लॉपीवरची यादी दाखवणारी आज्ञा) न देता *कॅट 1 देऊन बघा.
फ्लॉपी घालण्याआधी कडेच्या चौकोनी खाचेवर चिकटपट्टी लावा, म्हणजे चुकून काही लिहिलं जाणार नाही.

गोडबोले_काकू
अवांतर: 1984 साली केंद्र सरकारचा 'क्लास' प्रकल्प आला, त्यात शाळांना हेच बीबीसी मायक्रो मिळाले होते. मी तेव्हा शिक्षिका होते. खोलीबाहेर चपला काढून जावं लागायचं, आणि किल्ली हेडमास्तरांच्या खिशात.

मी_पयला
काकू, आमच्याकडे तर कॉम्प्युटरला हार घातला होता.

जुनाबाजार
ड्राइव्हला वीज बीबीसीच्या पोटाखालच्या सॉकेटमधून घेताय का? तिथे 5 आणि 12 व्होल्टला प्रत्येकी 1.25 अँपिअरच मिळतात. जुना जाडजूड ड्राइव्ह असेल तर वेगळा सप्लाय लावा. आणि मशीनमधला मेन्सचा पिवळट पारदर्शक कपॅसिटर तडकलेला असेल तर मेळाव्यात धूर निघेल. मी पुन्हा सांगतो, गोटेक.

खटपट्या
कपॅसिटरचं अगदी बरोबर. पण गोटेक फ्लॉपी गिळतो का? चटणीला फ्लॉप्यांतला मजकूर बाहेर काढायचाय.

सोलापुरी_चटणी
केबल फिरवली, दिवा विझला! *कॅट 1 दिल्यावर ड्राइव्ह करकरला आणि 'डिस्क फॉल्ट 18' आलं. आता काय? वीज पीसीच्या सप्लायमधून घेतोय. ड्राइव्हवर 1.2 एमबी लिहिलंय.

जुनाबाजार
1.2 म्हणजे 80 ट्रॅकचा (ट्रॅक म्हणजे तबकडीवरची वर्तुळं), तुमच्या फ्लॉप्या 40 च्या असणार. म्हणूनच.

खटपट्या
नाही. कॅटलॉग, म्हणजे फ्लॉपीवरची यादी, ट्रॅक 0 वर असतो, 40/80 ची भानगड त्याच्या पुढे सुरू होते. 18 म्हणजे सेक्टर (ट्रॅकचा तुकडा) सापडला नाही. खरी अडचण वेगाची आहे: 1.2 वाला मिनिटाला 360 फेरे घेतो, बीबीसीला 300 लागतात. डीएफएस एका ट्रॅकवर 256 बाइटचे 10 सेक्टर ठेवतं, म्हणजे 2560. 300 फेऱ्यांना ट्रॅकवर 3125 बाइट मावतात, 360 ला जेमतेम 2604. मधल्या मोकळ्या जागा आणि सेक्टरचे पत्ते कुठे बसणार? हे झालं लिहिण्याचं; वाचतानाही 300 ला लिहिलेला मजकूर 360 ला अपेक्षेपेक्षा जलद येतो, म्हणून बीबीसीला सेक्टर सापडत नाही. काही 1.2 वाल्यांत जंपरने 300 करता येतं, बोर्डाचा फोटो टाका. नाहीतर सरळ 360 केबी क्षमतेचा, 300 फेऱ्यांचा ड्राइव्ह शोधा.
आणि फ्लॉपीच्या लांबट खिडकीतून तबकडी फिरवून बघा. पांढरे ठिपके दिसले तर ती बुरशी आहे. तशी फ्लॉपी आत घालू नका, हेड घाण होईल आणि पुढच्या फ्लॉपीवर ओरखडे पडतील.

सोलापुरी_चटणी
बोर्डावर जंपर भरपूर आहेत, नावं कशालाच नाहीत. दोन फ्लॉप्यांवर ठिपके आहेत. 360 केबीचा ड्राइव्ह कुणाकडे आहे का? रविवार जवळ आलाय हो.

खटपट्या
माझ्याकडे आहे, पण कुरियरने देणार नाही. पुण्यात असतो. मशीन आणि डबा घेऊन या, इथेच वाचून काढू. ठिपकेवाल्या वेगळ्या पिशवीत आणा.

सोलापुरी_चटणी
व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय.

मी_पयला
धागा वर आलाच आहे तर विचारतो, डॉट मॅट्रिक्सची रिबन हल्ली कुठे मिळते?