सोडवून आणलेल्या पोपटाला एकांत द्यावा की माणसांत ठेवावे?

रंकाळाकाठ (धागालेखक)

एका परिचितांच्या बंगल्यात जिन्याखालच्या अरुंद पिंजऱ्यात अनेक वर्षे काढलेला आफ्रिकन ग्रे जातीचा पोपट आता कोल्हापुरात राजारामपुरीतील आमच्या घरी आला आहे. छातीवरची पिसे त्याने स्वतःच उपटून टाकली आहेत आणि सूर्यफुलाच्या बियांखेरीज तो कशालाही चोच लावत नाही. परदेशी जातींच्या पाळीव प्राणी-पक्ष्यांची सरकारी नोंद जिथे होते, त्या 'परिवेश' संकेतस्थळावरील त्याच्या नोंदीच्या हस्तांतराची माहिती रीतसर दिलेली आहे, त्यामुळे तो प्रश्न येथे नको.

अशा पक्ष्याला मागच्या शांत खोलीत ठेवावे, पिंजऱ्यावर कापड टाकावे आणि पहिले काही आठवडे केवळ दाणापाण्यापुरते आत जावे, असा सल्ला बहुतेक जण देतात. मला तो पटत नाही. पश्चिम व मध्य आफ्रिकेतील वर्षावनांत राहणारा हा पक्षी रात्री मोठ्या थव्याने झाडांवर उतरतो आणि दिवसभर साथीदारांशी आवाजाने संपर्क ठेवतो. अमेरिकन संशोधक आयरीन पेपरबर्ग यांनी ॲलेक्स नावाच्या ज्या पोपटावर १९७७ पासून त्याच्या मृत्यूपर्यंत, म्हणजे २००७ पर्यंत संशोधन केले, तो याच जातीचा होता. रंग, आकार आणि सहापर्यंतच्या संख्या तो ओळखत असे, आणि हे सारे तो माणसांच्या सततच्या सहवासात शिकला. ज्याने जिन्याखाली एकटेपणाच भोगला, त्याला पुन्हा बंद खोलीत ठेवणे म्हणजे आधीचीच शिक्षा अधिक स्वच्छ जागेत चालू ठेवणे होय. पिंजरा पहिल्या दिवसापासून बैठकीच्या खोलीत असावा, मात्र त्यात कोणी हात घालू नये, असे माझे मत आहे.

गवताळ

आपला थव्याचा मुद्दा मला अपुरा वाटतो. थव्यात पक्षी निर्धास्त असतो, कारण त्यातले आवाज आणि हालचाली त्याच्या ओळखीच्या असतात. आपल्या घरातील माणसे आज त्याच्यासाठी थवा नाहीत, ती केवळ मोठ्या आकाराची अनोळखी जनावरे आहेत. पोपट हा शिकार होणारा पक्षी असल्यामुळे भीती आणि आजार दोन्ही लपवतो. तो दांडीवर गप्प बसला म्हणजे रुळला, असे समजून घरची मंडळी समाधान मानतात आणि तो मात्र भीतीने खाणे सोडून देतो.

म्हणून मत काहीही असो, स्वयंपाकघरातला ग्रॅममध्ये मोजणारा काटा वापरा. काट्यावर दांडी ठेवून त्याला स्वतःहून चढण्याची सवय लावावी आणि रोज सकाळी खाण्यापूर्वी वजन टिपून ठेवावे. या जातीच्या पक्ष्याचे वजन साधारण ४०० ते ५०० ग्रॅम असते. त्यात दहा टक्क्यांची घट दिसली, तर चर्चा थांबवून पक्ष्यांचे डॉक्टर गाठावेत. बैठकीत ठेवलेल्या पोपटाचे वजन टिकले, तर मी माझा आक्षेप मागे घेईन.

पेठकर

बैठक की मागची खोली, हा वाद पुण्यामुंबईच्या सदनिकांपुरता ठीक आहे. आमच्या पेठांत बैठकीची खोली स्वयंपाकघराला लागूनच असते आणि उन्हाळ्यात वर्षाची चटणी करण्यासाठी मिरच्या भाजल्या, की माणसांनाही घराबाहेर पडावे लागते. पक्ष्यांना मिरचीचा तिखटपणा जाणवत नाही, पोपट ती मजेत खातो, हे खरे. धुराचे तसे नाही. फुप्फुसांना जोडलेल्या हवेच्या पिशव्यांमुळे पक्ष्यांची श्वसनसंस्था फार कार्यक्षम असते आणि म्हणूनच हवेतला विषारी अंश त्यांना माणसांपेक्षा लवकर बाधतो. नॉनस्टिक तवा फार तापला, तर त्यातून निघणाऱ्या वायूने पक्षी काही मिनिटांत दगावू शकतो. गणपतीच्या दिवसांत तालमीसमोरच्या साउंड सिस्टीमने खिडक्यांच्या काचा थरथरतात, तेव्हा रस्त्याकडेची बैठक आपण पोपटासाठी निवडणार आहात का?

शेवगा

खाण्याविषयी थोडक्यात लिहितो. बिया एकाएकी बंद करू नयेत, कारण अनोळखी पदार्थाला तो अन्न म्हणून ओळखतच नाही आणि उपाशी राहतो. निव्वळ बियांवर वाढलेल्या पोपटांत अ जीवनसत्त्वाची, आणि आफ्रिकन ग्रेमध्ये विशेषतः कॅल्शियमची, कमतरता नेहमी आढळते. तेव्हा उकडलेले रताळे, गाजर आणि शेवग्याचा पाला बियांत मिसळून हळूहळू वाढवावा. येथे माझे मत धागालेखकांच्या बाजूचे आहे, कारण माणसे समोर बसून तेच खाताना दिसली, की पोपट नवा पदार्थ लवकर चाखून पाहतो. बंद खोलीत हे कसे घडणार?

वनवाट

वाचणाऱ्यांचा गैरसमज होऊ नये म्हणून एक नोंद. वरील सर्व चर्चा परदेशी जातीची आहे. आपल्याकडचा हिरवा, गळ्यावर कंठ असलेला पोपट १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षित असल्यामुळे, जखमी सापडला तरी त्याला घरात रुळवण्याचा प्रश्न येत नाही, वनविभागाला कळवावे.

रंकाळाकाठ (धागालेखक)

पेठकर, आमची बैठक गल्लीच्या मागच्या अंगाला आहे आणि तिच्या व स्वयंपाकघराच्या मध्ये दार आहे. नॉनस्टिक भांडी तो येण्यापूर्वीच घराबाहेर काढली. गवताळ यांचा वजनाचा मुद्दा मी स्वीकारतो, मात्र त्यातून एकांत सिद्ध होत नाही. पिंजरा कोपऱ्यात, दोन बाजूंना भिंत येईल असा ठेवला आणि एक बाजू कापडाने झाकली, तर पाहायचे की लपायचे हे पोपटच ठरवू शकतो. दाराआडच्या खोलीत हा निर्णय त्याच्या वतीने आपणच घेऊन टाकतो. रात्री दहा ते बारा तास अंधार व शांतता हवी, याबद्दल दुमत नाही.

गवताळ

कोपऱ्याची मांडणी चांगली आहे, तरीही एक गोष्ट सर्वांच्या प्रतिसादांत राहून गेली. उपटलेल्या पिसांचे कारण आपण सगळ्यांनी एकटेपणा धरून चाललो आहोत. त्वचेचा संसर्ग, यकृताचा विकार किंवा पिसे व चोच यांचा विषाणूजन्य रोग यांपैकी काहीही त्यामागे असू शकते. शिवाय पोपटांपासून माणसांना होणारा सिटाकोसिस वाळलेल्या विष्ठेच्या धुळीतून श्वासावाटे पसरतो, आणि आफ्रिकन ग्रेच्या पिसांतून पांढरी भुकटी सतत उडत असते. आपल्या घरात वृद्ध माणसे किंवा लहान मुले असतील, तर रक्ताची व विष्ठेची तपासणी होऊन अहवाल हाती येईपर्यंत त्याची बैठकीतील जागा मला मान्य नाही. तोपर्यंत आपणच दिवसातून काही वेळ त्याच्या खोलीत जाऊन वाचत बसावे. सोबतीसाठी सगळे घर लागत नाही.