मदत हवी आहे : एक जण मध्येच अपार्टमेंट सोडून गेला, तर सामाईक जागेचा हिशेब कसा करायचा?

विद्यापीठाच्या अपार्टमेंटमध्ये राहणाऱ्यांसाठी जागा सोडतानाची यादी तयार करतोय. स्वतःच्या खोलीचं सोपं असतं. येताना भरलेला स्थितीचा फॉर्म आणि जातानाची पाहणी शेजारी ठेवली की नवं नुकसान कळतं. घोडं अडतं स्वयंपाकघर, बाथरूम आणि हॉलपाशी. कोणी केलं हे ठरलं नाही, तर खर्च बहुधा सगळ्यांत समान वाटतात. मग मध्येच गेलेल्याच्या वाट्याचं काय?

सध्याचा मसुदा असा : निघण्याआधी सगळ्यांनी मिळून सामाईक जागा बघायची, तारखेसकट फोटो काढायचे (ओव्हन आतून, फ्रीजच्या दाराचं रबर, सिंकखालचा पाइप, एक्झॉस्ट फॅनची जाळी) आणि यादीवर सह्या करायच्या. किल्ली ऑफिसात देऊन पोच घ्यायचीच. रूममेटकडे ठेवलेली किल्ली परत केली असं सहसा धरत नाहीत.

खरी पंचाईत बुरशीची. आंघोळीनंतर फॅन लगेच बंद केला की ओल छतात आणि टाइल्सच्या सांध्यांत मुरते, आणि डाग दिसतात ते फोटो काढून झाल्यावर कधीतरी. तोवर जाणारा गेलेला असतो. गळती असेल आणि लेखी तक्रार नोंदवलेली असेल तर बचाव करता येतो. नुसतं तोंडी सांगितलं असेल तर कठीण.

तुमच्याकडे अशा उशिरा दिसणाऱ्या नुकसानीसाठी मुदत ठेवली आहे का? किती दिवसांची? आणि रिकाम्या खोलीत नवा माणूस आला, तर त्याच्यासाठी सामाईक जागेचा फॉर्म नव्याने भरता की जुनाच पुढे चालवता? नेमकी वाक्यरचना मिळाली तर फार बरं.