कोटा फरशीवर ॲसिड नको
शहाबादी फरशी बाथरूममध्ये घसरत नाही, असं बरेच जण सांगतात, ते पटतं. पण ‘डाग पडले तर ॲसिडनं धुवा’ असंही सांगतात, ते मात्र कुणी मनावर घेऊ नका. शहाबादी, कोटा, कडप्पा, तिन्ही चुनखडीचे दगड. ॲसिड पडलं की जो फेस येतो, ती मळ निघाल्याची खूण नव्हे, फरशीच विरघळत असते.

आमच्या राजारामपुरीतल्या घरी गवंड्यानं सिमेंटचे डाग काढायला बाटलीभर ॲसिड ओतलं. पॉलिशचा कोटा दहा मिनिटांत पांढुरका. पॉलिशवाल्याला परत बोलवायला लागलं, पण मशीन कमोडमागं जातंय कुठं? तिथला पट्टा अजून हाताला खडूसारखा लागतो. शंका असेल तर उरलेल्या तुकड्यावर लिंबू पिळा, थोड्या वेळानं पुसून बघा, लिंबाच्या आंबटानंही डाग उरतो.