शॉर्ट सर्किट टेस्टमधला रोध डीसी रोधाशी जुळत नाही

तांबडी_तार:
१ केव्हीए, २३०/११५ व्होल्ट, सिंगल फेज ट्रान्सफॉर्मर. ओपन सर्किट टेस्ट (दुसरी बाजू उघडी) ११५ च्या बाजूने: ११५ व्होल्ट, ०.९ अँपिअर, २२ वॉट. शॉर्ट सर्किट टेस्ट (दुसरी बाजू शॉर्ट केलेली) २३० च्या बाजूने: ११.५ व्होल्ट, ४.३५ अँपिअर, ३८ वॉट. त्यावरून रोध २.०१ ओहम येतो. डीसीवर चार तारांनी मोजलेले रोध ०.८० आणि ०.२० ओहम आहेत, म्हणजे २३० च्या बाजूला ०.८० + ४ × ०.२० = १.६० ओहम (व्होल्टेजचं गुणोत्तर २, त्याचा वर्ग ४). वरचा ०.४ ओहम कुठला? आणि ओपन टेस्टमध्ये वॉटमीटरचा काटा जेमतेम हलतो. २२ हा आकडा धरावा का?

गाभा_आणि_फेरे:
शॉर्ट कशाने केलंय ते आधी बघा. ११५ च्या बाजूला अँमीटर लावून त्यालाच शॉर्ट मानलं असेल, तर त्याचा आणि वायरींचा रोध इकडे चौपट होऊन दिसतो. ०.०५ ओहमचे ०.२ झाले! जाड, आखूड तांब्याची पट्टी नटाखाली घट्ट आवळा, अँमीटर फक्त २३० च्या बाजूला ठेवा. एसी रोध डीसीपेक्षा थोडा जास्त असतोच, कारण गळती फ्लक्समुळे (गाभ्याबाहेर निसटलेल्या चुंबकीय क्षेत्रामुळे) तारांत आणि क्लॅम्पमध्ये एडी करंट, म्हणजे भोवऱ्यासारखे करंट फिरतात. पण एवढ्या लहान ट्रान्सफॉर्मरमध्ये २५ टक्के फरक त्याने पडणार नाही.

शून्य_काटा:
वॉटमीटरबद्दल. ओपन टेस्टचा पॉवर फॅक्टर २२ ÷ (११५ × ०.९) = ०.२१. साधा १५० व्होल्ट, ५ अँपिअरचा वॉटमीटर ७५० वॉटचा असतो. त्याची १ टक्का चूक म्हणजे ७.५ वॉट, तुमच्या वाचनाचा तिसरा हिस्सा. ०.२ पॉवर फॅक्टरचा एलपीएफ (लो पॉवर फॅक्टर) वॉटमीटर घ्या, त्याच रेंजवर पूर्ण स्केल १५० वॉट होईल.

प्रेशर कॉइलची (वॉटमीटरमधल्या व्होल्टेजच्या कॉइलची) जागा दोन्ही टेस्टमध्ये वेगळी. तिचा रोध १० किलोओहम असेल तर ११५ व्होल्टला ती १.३ वॉट खाते, म्हणून ओपन टेस्टमध्ये ती सप्लायच्या बाजूला जोडा. शॉर्ट टेस्टमध्ये ११.५ व्होल्टला हा खर्च नगण्य असतो. तिथे ती थेट ट्रान्सफॉर्मरच्या टर्मिनलवर हवी, नाहीतर करंट कॉइल आणि वायरींचा लॉसही मोजला जातो.

ओपन टेस्टमधला मॅग्नेटायझिंग करंट (गाभ्यात चुंबकत्व आणणारा) साइन नसतो, त्यात तिसरा हार्मोनिक (तिप्पट फ्रिक्वेन्सीचा भाग) भरपूर. अँमीटर ट्रू आरएमएसच (साइन नसलेल्या करंटचंही खरं मूल्य दाखवणारा) हवा.

तांबडी_तार:
अँमीटरच शॉर्ट म्हणून होता. पट्टी लावून आणि प्रेशर कॉइल हलवून: १०.४ व्होल्ट, ४.३५ अँपिअर, ३१.५ वॉट. रोध १.६६, रिअ‍ॅक्टन्स १.७२ ओहम. एलपीएफ मीटरवर ओपन टेस्ट २०.५ वॉट.

गाभा_आणि_फेरे:
आता पटतं. वाइंडिंग ३० अंशांवर असेल तर ७५ अंशांसाठी डीसी भाग (२३५ + ७५) ÷ (२३५ + ३०) = १.१७ ने गुणा, उरलेला ०.०६ (१.६६ − १.६०) त्यानेच भागा. १.९३ ओहम, म्हणजे पूर्ण लोडला कॉपर लॉस ३६.५ वॉट. ३१.५ धरून कार्यक्षमता काढलीत तर ती फुगेल.

डीसी रोध मोजल्यावर गाभ्यात चुंबकत्व उरतं आणि नो-लोड करंट जास्त दिसू शकतो. ओपन टेस्ट आधी घ्या, किंवा व्हेरिअ‍ॅक (व्होल्टेज कमी-जास्त करणारं साधन) ११५ पर्यंत नेऊन सावकाश शून्यावर आणा. आणि ओपन टेस्टमध्ये उघड्या बाजूला पूर्ण २३० व्होल्ट असतात, ती टर्मिनलं झाकूनच व्हेरिअ‍ॅक फिरवा.