मदत हवी आहे: नव्या रायफलच्या बॅरलमधलं तांबं निघता निघत नाही

बेएरियाकर
मंडळी, पटकन मदत हवी. नवी रायफल, कॅलिबर ६.५ क्रीडमूर. साठेक गोळ्या झाल्यात. पहिल्या पंधरा-वीस गोळ्यांना १०० यार्डांवर इंचभराचा ग्रुप (भोकांचा घेर) होता, आता तीन इंच. गोळ्यांचं तांबं आत बसलंय हे नक्की, कारण सॉल्व्हंट (तांबं विरघळवणारं द्रावण) लावून फिरवलेला पॅच, म्हणजे कापडाचा तुकडा, निळाच येतो. काल रात्री दोन तास घासलं, चाळीस पॅच संपले आणि चाळिसावाही पहिल्याइतकाच निळा. शनिवारी डुकरांच्या शिकारीला निघायचंय. सगळ्यात जालीम सॉल्व्हंट कोणतं तेवढं सांगा. ब्रेक-इन (नवं बॅरल गोळी-सफाई करत मुरवणं) केलेलं नाही, त्यावरून प्रवचन नको.

चकमक
बॅरल क्रोमोली (क्रोम-मॉलिब्डेनम पोलाद) की स्टेनलेस? सॉल्व्हंट कोणतं वापरलं आणि आत किती वेळ ठेवलं? जॅग (रॉडच्या टोकाला पॅच धरणारा तुकडा) आणि ब्रश कशाचे? गोळी कोणती? यातलं काहीच लिहिलेलं नाही, तर औषध कशावर द्यायचं?

आगाऊ_काका
प्रवचन नको म्हणालात तरी दुखणं तिथेच आहे. एक गोळी, पूर्ण सफाई, परत एक गोळी, परत सफाई. क्रोमोलीला असं पाचपासून पंचवीस वेळा, मग तीन-तीन गोळ्यांचे दोन फेरे, मग पाचचा एक. क्रीगर हे बॅरल बनवणारे, तेही साधारण हेच सांगतात. हे केलं असतंत तर आज धागा काढायची वेळ आली नसती.

निवांत_गडी
काका, क्रीगर हे का सांगतात तेही लिहा की. त्यांचा बोअर (बॅरलचं आतलं भोक) हाताने लॅप केलेला, म्हणजे घासून गुळगुळीत केलेला असतो, त्याची त्यांना काळजी नाही. काळजी आहे थ्रोटची, म्हणजे चेंबरच्या लगेच पुढच्या भागाची. चेंबर (काडतूस बसतं ती जागा) कापताना रीमर हे हत्यार गोल फिरतं, त्यामुळे थ्रोटमध्ये लँडवर (पिळदार खाचांच्या मधल्या उंचवट्यांवर) बारीक आडव्या रेषा उरतात. गोळी त्यावरून जाताना तांबं सोललं जातं, तापलेल्या वायूत त्याची वाफ होते आणि ती पुढे बोअरमध्ये जाऊन बसते. म्हणजे तांबं दिसतं पुढे, पण निघालेलं असतं मागून. साठ गोळ्यांनी त्या रेषा बऱ्यापैकी गुळगुळीत केल्या असणार, मध्ये सफाई केली असो वा नसो. आता मागे जाऊन ब्रेक-इन करण्यात अर्थ नाही. गेल मॅकमिलन स्वतः बॅरल बनवायचे, ते तर या प्रकाराच्या विरोधातच होते.

आगाऊ_काका
फॅक्टरी बॅरल लॅप केलेलं नसतं, म्हणून तर ते जास्त गरजेचं.

निवांत_गडी
लॅप न केलेला बोअर पंचवीस पॅच-फेऱ्यांनी लॅप होत नाही. आणि आकडा धरून बसूच नये. दर फेरीला निघणारं तांबं एकदम घटलं की थांबायचं, मग ती चौथी फेरी असो की बारावी. नुसतं मोजत बसलात तर रॉडच बोअरमध्ये जास्त वेळा जातो, गोळ्या कमी.

पुणेरी_नेमबाज
एवढी रसायनं कशाला हवीत? बालेवाडीला .२२ मॅच रायफली बघा. सराव झाला की मागून दोन फेल्ट पेलेट (दाबलेल्या लोकरीचे बोळे) कोरडे, एक तेलाचा, एक कोरडा. चेंबरच्या पुढे कडी बसते ती अधूनमधून काढायची. बास.

चकमक
.२२ ची गोळी शिशाची, वरून मेणाचा नाहीतर ग्रीसचा थर, वेग सेकंदाला १०५०-११०० फूट. तुमची कडी शिशाची आणि कार्बनची. इथे तांब्याचं आवरण आणि वेग २७०० च्या पुढे. तुमचा सल्ला .२२ साठी शंभर टक्के बरोबर आहे, फक्त प्रश्न तो नाही.

पुणेरी_नेमबाज
मान्य. तरी पॅरिस २०२४ ला कोल्हापूरच्या पोराने, स्वप्नील कुसाळेने, ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये ब्राँझ आणलं ते याच .२२ वर, एवढं नोंदवून ठेवतो. :)

बेएरियाकर
धागा भरकटतोय. घ्या माहिती: क्रोमोली, हॅमर फोर्ज्ड (ठोकून घडवलेलं), फॅक्टरी बॅरल, जाडी हलकी. सॉल्व्हंट अमोनियावालं, स्वीट्स ७.६२. पाच मिनिटं ठेवलं, पुसलं, परत लावलं. किटमध्ये होता तो जॅग आणि ब्रश. गोळ्या सरावाला १४० ग्रेनच्या (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप) साध्या, शिकारीसाठी १२० ग्रेन टीटीएसएक्स. आळीपाळीने मारल्यात, दोन्हींचा झीरो (स्कोपचा नेम कुठे जुळतो ते) बघायचा होता म्हणून.

चकमक
हे पहिल्याच प्रतिसादात आलं असतं तर! दोन गोष्टी.

एक: किटमधला जॅग बहुतेक पितळी असतो आणि ब्रश फॉस्फर ब्रॉन्झचा. दोन्हींत तांबंच आहे. अमोनिया बॅरलमधलं तांबं खातो तसा जॅगमधलंही खातो, आणि पॅच तर जॅगलाच गुंडाळलेला. जन्मभर निळाच येणार. खात्री करायची तर जॅगवर सॉल्व्हंटचा एक थेंब टाका, दोन-तीन मिनिटांनी कोऱ्या पॅचला पुसा. निळं आलं की चाळीस पॅचचं कोडं सुटलं. जॅग निकेल चढवलेला किंवा प्लॅस्टिकचा घ्या, ब्रश नायलॉनचा.

दोन: टीटीएसएक्स अख्खी तांब्याची, आत शिसं नाही. साध्या गोळीचं आवरण गिल्डिंग मेटलचं, तांब्यात थोडं जस्त. एकाचा लेप दुसरीला मानवेलच असं नाही. आळीपाळीने मारलं की ग्रुप पसरल्याची तक्रार नेहमी येते. एका जातीवरून दुसरीवर जाताना मध्ये सफाई करा आणि नव्या जातीच्या तीन ते पाच गोळ्या नुसत्या लेप बसायला मारा. त्या ग्रुपमध्ये मोजायच्या नाहीत.

रानवाट
६.५ घेतलीत तिथेच चुकलात. सरळ .३०८ घ्यायची. डुक्कर म्हणजे डुक्कर.

निवांत_गडी
डुकराला ६.५ पुरून उरते. त्यासाठी वेगळा धागा काढा, इथे तांबं चाललंय.

तांबट_आळी
तांबं म्हटल्यावर आम्हाला बोलणं भाग आहे. आमच्याकडे घंगाळी-बंब चिंच नि मिठाने लख्ख होतात, नाहीतर पितांबरी. चिंचेचा कोळ पॅचवर घेऊन बघितलाय का कोणी?

डॉ_खटपट
कृपा करून नको. चिंचेतलं आम्ल तांब्यावरचा काळा ऑक्साइड विरघळवतं, खालचं धातुरूप तांबं नाही. म्हणून तर घंगाळ चकचकीत होतं, पण पातळ होत नाही. इथे धातूच काढायचा आहे. शिवाय आम्ल आणि मीठ पोलादावर गेलं तर एका रात्रीत गंज. पितांबरीत घासणारी पूड असते, ती खाचांत अडकून बसेल.

अमोनियाचं काम वेगळं. तो हवेतल्या ऑक्सिजनच्या मदतीने तांब्याशी गडद निळं संयुग बनवतो आणि ते पाण्यात विरघळतं. म्हणून बाहेर काढलेला पॅच आधी मळकट दिसतो आणि टेबलावर पाच मिनिटांत निळा होत जातो. पॅच काढल्या काढल्या निकाल लावू नका. आणि सगळीच सॉल्व्हंट निळी होत नाहीत. केजी-१२ तांबं काढतं, पण पॅच निळा करत नाही, नवखे तिथे फसतात.

अमोनियाबद्दल एक अवांतर: ब्रिटिशांच्या काळी हिंदुस्थानात पावसाळ्यात फौजेची पितळी काडतुसं पडल्या पडल्या तडकायची. तबेल्याजवळ साठवलेली असत आणि घोड्यांच्या मुताचा अमोनिया दमट हवेतून पितळेला लागे. ओढून-ठोकून घडवलेल्या पितळेत ताण अडकलेला असतो, त्यात अमोनियाची भर पडली की तडा. १९२१ साली याचा नीट उलगडा झाला. मुद्दा असा की सॉल्व्हंटनंतर चेंबर पूर्ण कोरडा केल्याशिवाय काडतूस आत घालून ठेवू नका.

तांबट_आळी
बरं बाबा, चिंच आमटीतच बरी.

बेएरियाकर
थेंब टाकून बघितला. तीन मिनिटांत पॅच निळाशार. म्हणजे दोन तास मी जॅगच साफ करत होतो. निकेलचा जॅग आणि नायलॉन ब्रश उद्या हातात येतील. आता क्रम सांगा, एकेक पायरी.

चकमक
रायफल रिकामी असल्याची खात्री, बोल्ट बाहेर. बोअर गाइड (रॉड सरळ आत नेणारी नळी) बसवा. तो नसेल तर रॉड थ्रोटवर घासतो आणि सॉल्व्हंट ट्रिगरमध्ये उतरतं. रॉड एकसंध, लेप असलेला, मुठीत बेअरिंग असलेला, म्हणजे तो खाचांबरोबर फिरेल. तीन तुकडे जोडून होणारा किटमधला रॉड ठेवून द्या. काम मागूनच करायचं, तोंडाकडून रॉड घातला की क्राउन (बॅरलच्या तोंडाची कड) खराब व्हायची भीती. रायफलचं तोंड जरा खाली. गराजचं दार उघडं.

आधी कार्बन, मग तांबं. लोक इथेच चुकतात. तांब्यावर कार्बन, त्यावर परत तांबं असे थर असतात आणि कार्बनखालच्या तांब्यापर्यंत अमोनिया पोचतच नाही. कार्बन सॉल्व्हंटचे दोन ओले पॅच, नायलॉन ब्रश दहा फेऱ्या (बोअरच्या मध्यात दिशा बदलायची नाही, पूर्ण बाहेर काढून मगच मागे), दहा मिनिटं थांबा, कोरडे तीन पॅच. मग तांब्याचं सॉल्व्हंट. घाई नसेल तर बिनअमोनियाचं, बोअर टेक एलिमिनेटरसारखं, दहा-पंधरा मिनिटं. स्वीट्स वापरणार असाल तर पंधरा मिनिटांच्या वर आत ठेवायचं नाही. निळा अजून गडद असेल तर परत कार्बनपासून. साधारण तीन फेऱ्यांत रंग फिका पडायला हवा. दोन सॉल्व्हंट एकमेकांत मिसळायची नाहीत, मध्ये आयसोप्रोपिल अल्कोहोलचा पॅच आणि दोन कोरडे.

शेवटी तेलाचा एक पॅच. आणि गोळी मारण्याआधी ते तेल दोन कोरड्या पॅचनी काढायचं. तेलाच्या बोअरमध्ये पहिली गोळी भलतीकडे जाते, आणि तेल जास्त साचलं असेल तर दाबही वाढतो.

आगाऊ_काका
जेबी पेस्ट लावा, अर्ध्या तासात आरसा.

निवांत_गडी
जेबी घासून काढते, विरघळवत नाही. तीन फेऱ्यांनंतरही ढिम्म हललं नाही तरच, तेही थोडी, आणि नंतर बोअर पूर्ण धुवून. साठ गोळ्यांच्या बॅरलला अजिबात नको.

आणि बेएरियाकर, ग्रुपचा सगळा दोष तांब्यावर टाकू नका. नव्या रायफलचे अ‍ॅक्शन स्क्रू (रायफल दस्त्याला धरणारे) आणि स्कोपच्या रिंगा टॉर्क रेंचने तपासा, आकडा रायफलच्या पुस्तिकेत असतो. हलकं बॅरल लागोपाठ पाच गोळ्यांत तापतं, तीन मारा आणि थंड होऊ द्या.

रानवाट
तांबं आणि शिसं मिसळायचंच कशाला? सगळ्या गोळ्या १४० च्याच मारायच्या ना.

बेएरियाकर
कॅलिफोर्नियात १ जुलै २०१९ पासून शिकारीला शिशाची गोळी चालत नाही. रेंजवर साधी चालते, म्हणून दोन जाती. स्क्रू आत्ताच तपासले. पुढचा अर्धा फेरा सैल निघाला.

चकमक
अर्धा फेरा म्हणजे खूप झाला. तीन इंचातला मोठा वाटा तिथलाच असू शकतो. आता असं करा: स्क्रू आधी, मग वरची सफाई, शनिवारच्या आत रेंजवर टीटीएसएक्सच्या पाच गोळ्या लेप बसायला, नंतर तीन-तीनचे दोन ग्रुप आणि झीरो. त्यानंतर शिकार होईपर्यंत बोअरला रॉड लावू नका. १४० ग्रेनला परत आल्यावर हात लावा.

बेएरियाकर
ठीक. आणि फिका निळा राहिलाच तर?

डॉ_खटपट
राहू दे. खाचांत चार रेघा तांब्याच्या उरल्या म्हणून काही बिघडत नाही. बोअरस्कोप मात्र शनिवारपर्यंत विकत घेऊ नका, आत बघाल आणि रात्रभर घासत बसाल.

आगाऊ_काका
पुढच्या बॅरलला तरी पहिल्या गोळीपासून सुरू करा. क्रोमोलीला पंचवीस.