निकाल आधीच ठरलेला, मग लेजंड कोण आणि का? डब्लूडब्लूएफवाल्या पिढीने अनुभव लिहा

परवा माळा साफ करताना बुटाच्या खोक्यात रबरबँड लावलेली डब्लूडब्लूएफच्या, म्हणजे टीव्हीवरच्या त्या अमेरिकन कुस्तीच्या पैलवानांची ट्रम्प कार्डं सापडली. हाइट, वेट, चेस्ट, बायसेप्स, रँक. पार मळलेली, एकाचं डोकं झुरळाने कुरतडलेलं. तेव्हा लेजंड कोण हे सोपं होतं, ज्याचा रँक १ तो. योकोझुना हातात आला की "वेट" म्हणायचं आणि समोरच्याचं कार्ड ओढून घ्यायचं, संपला विषय. आता चाळिशी आली, सगळं आधी ठरलेलं असतं हे कळूनही पंचवीस वर्षं झाली, तरी अंडरटेकर नावाच्या पैलवानाची ती एंट्रीची घंटा वाजली की माझ्या हातावर काटा येतो आणि बायको म्हणते, काय रे हे. म्हणून हा धागा. एखादा मोठा वाटतो आणि एखादा नुसताच धिप्पाड, हे कशामुळे? किती बेल्ट जिंकले ते नका सांगू, ते शोधलं की मिळतं. तुम्ही काय बघितलंत ते लिहा.

सुरुवात मीच करतो. आमच्या वाड्यात ठाम समजूत होती की अंडरटेकरला सात जन्म आहेत, खरा कधीच मेला आणि हा दुसरा आहे. त्यात १९९४ च्या समरस्लॅमला दोन अंडरटेकर समोरासमोर आले म्हटल्यावर पुरावाच मिळाला. (दुसरा ब्रायन ली नावाचा वेगळाच पैलवान होता, हे फार उशिरा कळलं आणि खरं सांगतो, वाईट वाटलं.) १९९० ला आलेल्या माणसाने २०२० पर्यंत ते मेलेल्या माणसाचं सोंग ओढलं, मध्ये तीनेक वर्षं मोटरसायकलवाला झाला तेवढंच, आणि बाहेर लोकांतसुद्धा कित्येक वर्षं सोडलं नाही. आमच्याकडे गणपतीतल्या नाटकात राक्षस झालेला पोरगा मेकअपसकट वडापाव खायला जायचा.

*

ट्रम्प कार्डावरून आठवलं, जायंट गोन्झालेझ. हाइट ८ फूट. हाइट म्हटलं की कुणाला द्यायचा नाही. अंगावर केस चिकटवलेला तो रंगवलेला सूट. आता प्रामाणिकपणे सांगा, त्याची एक तरी मॅच कुणाला आठवते का? अंडरटेकरशी झालेली सोडून. झालं उत्तर.

*

आम्ही कोल्हापूरकडचे. आज्जा तालमीतला, दोन्ही कान मोडलेले, जत्रेच्या फडात नारळावरच्या कुस्तीपासून इनामाच्या कुस्तीपर्यंत सगळं खेळलेला. आम्ही टीव्ही लावला की "बंद करा ती नुरा" (नुरा म्हणजे ठरवून केलेली कुस्ती) म्हणायचा आणि तोंड फिरवून बसायचा.

२००९ ची ह्यूस्टनची रेसलमेनिया, म्हणजे त्यांचा वर्षातला सगळ्यात मोठा फड, अंडरटेकर आणि शॉन मायकल्स. आज्जा बाजेवर लवंडलेला, पाठ आमच्याकडं. अंडरटेकर दोरावरनं बाहेर उडाला, ज्यानं झेलायचं त्याला नीट झेलता आलं नाही आणि एवढं मोठं धूड सरळ डोक्यावर आलं. आम्ही ओरडलो म्हणून आज्जा वळला, रिप्ले बघितला आणि उठूनच बसला. "आरं मान गेली की त्येची!" पण तो उठला, परत आत आला, आणि पुढं बराच वेळ दोघं भिडलेच होते. आज्जानं चहा तसाच ठेवला. मग शॉनकडं बोट करून म्हणाला, "ह्यो केसाळ बघ. ह्यो असा पडतोय की समोरचा डोंगर वाटाय लागलाय."

हे तो म्हणाला याचं मला अजून नवल वाटतं, कारण आमच्यात पाठ टेकली की संपलं. तालमीत पडायला कोण शिकवत नाही, न पडायला शिकवतात. आज्जाचं म्हणणं, आम्ही जन्मभर पाठ वाचवली आणि ही माणसं पाठ टेकवायचाच पगार घेतात, तर त्यातही कसब असणारच की. शॉन हरला ती मॅच. पण त्या दिवसापासून आज्जा नुरा म्हणाला नाही. रविवारी स्वतःच म्हणायचा, "लाव रं ती पडायची कुस्ती."

*

वरच्या आजोबांना नमस्कार. आमचे वडील लालबागचे, गिरणीत. वरळीच्या वल्लभभाई पटेल स्टेडियममध्ये दारासिंग आणि किंगकाँग या पैलवानांची कुस्ती बघायला चालत जायचे. ती पण फ्री स्टाइल, म्हणजे आजच्या डब्लूडब्लूईचीच (डब्लूडब्लूएफचंच नवं नाव) थोरली बहीण. वडील म्हणायचे, लोक तेव्हाही कुजबुजायचे की ठरलेली असते, पण किंगकाँग आला की दिवसभर मुकादमासमोर गिळलेल्या सगळ्या शिव्या तिथे बाहेर पडायच्या, पैसे त्याचेच. १९६८ ला मुंबईतच दारासिंगने अमेरिकन पैलवान लू थेझला हरवलं, ते तर आमच्याकडे दर दिवाळीत ऐकायला लागायचं. माझ्या मते बेल्टबिल्ट सोडा, "स्वतःला दारासिंग समजतोस काय" हे जिने आयुष्यात एक कुस्ती बघितली नाही ती माझी आई पण म्हणायची. नावाचा शब्द झाला, अजून काय पाहिजे.

*

माझा उजवा हात आजही पूर्ण सरळ होत नाही आणि त्याला कारण मिक फोली. २८ जून १९९८, पिट्सबर्ग, हेल इन अ सेल, म्हणजे पिंजऱ्यातली मॅच. अंडरटेकरने त्याला १६ फुटांच्या पिंजऱ्यावरून खाली टेबलावर फेकला. स्ट्रेचर आलं, त्याच्यावरून उतरून गडी परत वर चढला, परत आपटला, या वेळी छत तुटून आत, वर खुर्ची तोंडावर आणि दात नाकपुडीत. अंडरटेकरचा स्वतःचा पाय तेव्हा फ्रॅक्चर होता हे नंतर वाचलं. मी सातवीत. टाकीच्या कट्ट्यावरून दोन गाद्यांवर उडी. गाद्या सरकल्या. कोपर गेलं, ४५ दिवस प्लास्टर, प्लास्टरवर वर्गातल्यांनी मॅनकाइंड (फोलीचं रिंगमधलं नाव) लिहिलं, बाबांनी केबल कापली. पोरं असतील तर लक्ष ठेवा, मस्करी नाही.

पण मुद्दा हा की ती मॅच जिंकलं कोण, हे अर्ध्या पब्लिकला आठवत नाही. फोली उठला हे सगळ्यांना आठवतं.

*

खलनायकांना विसरताय. हील, म्हणजे रिंगमधला व्हिलन, चांगला नसेल तर हीरोला कोण विचारतं? निळू फुले समोर दिसले की गावाकडच्या बायका खरोखर बोटं मोडायच्या म्हणतात, ती त्या माणसाला मिळालेली पावती. मी ट्रिपल एच या हीलचा इतका द्वेष केलाय की त्याच्यासारखा दिसणाऱ्या पीटीच्या सरांना पण वर्षभर नीट बोललो नाही. बिचारे सर.

*

आणि क्रिस बेन्वा? २००७ ला बायको आणि पोराला मारून स्वतः गेला. रिंगमधला माझा सगळ्यात आवडता होता तो. पोस्टर काढलं भिंतीवरून, चिकटपट्टीचे डाग राहिले. लेजंड म्हणवत नाही, एवढंच.

*

मी २१-१ वाला. सोमवार, ७ एप्रिल २०१४, आपल्याकडे सकाळ. पुण्यात कॉट बेसिसवर चौघं, एकाच्या लॅपटॉपवर स्ट्रीम, दर दोन मिनिटांनी अडकणारं. अंडरटेकर रेसलमेनियात २१-०, समोर ब्रॉक लेस्नर. लेस्नरचा ठरलेला डाव, तिसरा एफ-५ बसला, पंचाने तीन मोजले आणि आम्हाला वाटलं स्ट्रीमच परत अडकलं, कारण तिकडचे पाऊण लाख लोक एकदम गप्प. मग २१-१ आकडा आला स्क्रीनवर. गॅसवर चहाचं दूध ओतू गेलं, वास आला, तरी कोणी हललं नाही. गावाकडे भावाला फोन केला तर तो म्हणाला "बघितलं" आणि ठेवून दिला. २१ मॅचेस जिंकला तेव्हा आम्ही टाळ्या वाजवल्या, पण तो किती मोठा होता ते मला हरला त्या सकाळी कळलं. अजूनही मत हेच आहे की लेस्नरला ती मॅच द्यायला नको होती, तो आधीच मोठा होता, एखाद्या नव्या पोराला द्यायची. भांडायला तयार आहे.

*

मी आई कॅटेगरीतून लिहिते. नांदेडहून लेकाला घेऊन सप्टेंबर २०२३ मध्ये हैदराबादला गेले, गच्चीबावलीच्या इनडोअर स्टेडियमला, डब्लूडब्लूईच्या जॉन सीनासाठी. माझ्या मते सगळा आरडाओरडा. लेक गाडीत सांगत होता की आजारी मुलांना भेटायची त्याने साडेसहाशेच्या वर वेळा इच्छा पुरी केली, जगात सगळ्यात जास्त. मी हूं हूं करत होते.

शेजारच्या सीटवर पन्नाशीचे एक काका एकटेच. इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन, मांडीवर डब्याची पिशवी. मी म्हटलं हे चुकून आले. सीनाचं म्युझिक लागलं तशी काकांनी पिशवीतून हिरवी टोपी काढली, घातली, आणि मॅच संपेपर्यंत उभे. सीना करतो तसं तोंडापुढे हात हलवायचं ते पण केलं, अगदी गंभीर चेहऱ्याने. लेक माझ्याकडे बघतोय, मी लेकाकडे. सीना आणि त्याचा जोडीदार सेथ रॉलिन्स जिंकले. काका बसले, टोपीची घडी घालून परत डब्याशेजारी ठेवली आणि मला हिंदीत विचारलं, इथून स्टेशनला शेअर रिक्षा कुठे मिळेल.