भाच्याच्या पापणीवरील गाठ: बायॉप्सी करावी की थांबावे?

माझ्या 7 वर्षांच्या भाच्याच्या उजव्या वरच्या पापणीवर, नाकाच्या बाजूस, तीन आठवड्यांपूर्वी सूज आली. त्याआधी चेंडू लागला होता, म्हणून आधी मुका मार आणि मग रांजणवाडी समजून शेक व थेंब झाले. सूज उतरली नाहीच, उलट डोळा खाली ढकलल्यासारखा दिसतो. एमआरआय पाहून डॉक्टरांनी रॅब्डोमायोसार्कोमाची (मुलांत होणाऱ्या एका कर्करोगाची) शंका घेतली असून बायॉप्सी, म्हणजे गाठीचा तुकडा काढून तपासणी, तातडीने करायला सांगितली आहे. गाठीला सुई लावली की ती पसरते, असे घरातील वडीलधारे म्हणतात. थोडे थांबावे का?

उत्तर (नेत्रतज्ज्ञ):
थांबू नये. रांजणवाडी पापणीतच राहते, ती बुबुळासह डोळा जागचा हलवत नाही. तान्ह्या मुलांतील रक्तवाहिन्यांची निरुपद्रवी गाठ पहिल्या काही महिन्यांत वाढते आणि पुढे आपोआप ओसरते, त्यामुळे सातव्या वर्षी नव्याने उगवलेल्या गाठीला ते नाव देता येत नाही. चेंडूची हकिगत अशा मुलांच्या बाबतीत वारंवार ऐकू येते आणि दिशाभूल करते. मार लागल्याने हा कर्करोग होत नाही, फक्त त्या निमित्ताने लक्ष तिकडे जाते. मुलांच्या नेत्रखोबणीत उद्भवणाऱ्या कर्करोगांत हाच सर्वाधिक आढळतो आणि तो आठवड्यांच्या हिशेबाने वाढतो.

उत्तर (पॅथॉलॉजिस्ट):
नावात ‘मायो’ म्हणजे स्नायू असला तरी ही गाठ डोळा फिरवणाऱ्या स्नायूंतून निघत नाही. ती अपरिपक्व पेशींतून उद्भवते आणि त्या पेशी स्नायूंकडे वळू पाहत असतात. म्हणूनच डेस्मिन व मायोजेनिन या स्नायूपेशींतील प्रथिनांच्या चाचण्यांवरून ती ओळखता येते. एमआरआयवर तिचे रूप इतर गाठींसारखे असू शकते, त्यामुळे निदान ऊतीच्या तुकड्यावरच ठरते. बायॉप्सीने रोग पसरतो ही भीती मी अनेक घरांत पाहिली आहे, पण इथे खरा धोका उशिराचा आहे.

प्रश्नकर्ती:
डोळा काढावा लागेल का?

उत्तर (नेत्रतज्ज्ञ):
1960च्या दशकापर्यंत डोळ्यासह संपूर्ण खोबण रिकामी करणे हाच उपचार मानला जाई. आता केमोथेरपी आणि रेडिएशन यांवर भर असतो, आणि रोग खोबणीपुरताच असेल तर 10 पैकी सुमारे 9 मुले बरी होतात. रेडिएशनमुळे पुढे मोतीबिंदू होऊ शकतो, खोबणीच्या हाडांची वाढ खुंटू शकते. त्याबद्दल मुलांच्या कर्करोगतज्ज्ञांना आधीच विचारून ठेवावे.

प्रश्नकर्ती:
आभारी आहे. बायॉप्सी सोमवारी ठरली. दुसरे मत घ्यावे लागले तर नमुन्याचे ब्लॉकही (मेणात जतन केलेले ऊतीचे तुकडे) मागून घेऊ.